हातमागाची पैठणी: पदर उलटून पाहिला की काय दिसतं

पैठणीच्या दुकानात साडी उलगडली की पदराची सुलटी बाजू समोर येते. दिव्याखाली जर चमकते, मोर उठून दिसतात आणि घेणाऱ्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो. थोडं थांबावं आणि पदर उलटा करायला सांगावं. हाताने विणलेल्या पदराला उलटी बाजू जवळजवळ नसतेच. मोर इकडून जसा दिसतो तसाच तिकडून दिसतो, फक्त त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला असतं. मागे लोंबते धागे नसतात आणि जाळी लावावी लागत नाही. फार तर नवा धागा जिथे सुरू केला तिथे बारीक टोक हाताला लागतं.

परीक्षण आहे येवल्याच्या हातमागावर विणलेल्या सहावारी पैठणीचं: रेशमी अंग, सहा इंचांचा मुनिया (म्हणजे छोट्या पोपटांचा) काठ, बांगडी-मोराचा, म्हणजे बांगडीसारख्या गोलातल्या मोरांचा पारंपरिक पदर, टेस्टेड जर, म्हणजे आत तांबं असलेली. बाजारात याच नावाने आणखी दोन प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात, त्यामुळे तुलना त्यांच्याशीच करावी लागते. सुरुवातीलाच सांगून टाकतो: ही साडी घेताना पैसे पदराचे मोजायचे. अंगाचं रेशीम कुठेही चांगलं मिळतं. पदर विणणारे हात मात्र थोडे आहेत, आणि या वस्त्राला नुसत्या भरजरी साडीहून वेगळं ठरवतो तो पदरच.

वीण कशी असते

पाश्चात्त्य देशांत ज्याला टॅपेस्ट्री म्हणतात, म्हणजे भिंतीवर टांगायचे चित्रविणीचे पडदे, त्यांचं आणि पैठणीच्या पदराचं तंत्र एकाच कुळातलं आहे. आडवा धागा काठापासून काठापर्यंत सरळ जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरत्या जागेत जातो आणि तिथूनच परत फिरतो. काश्मीरची कानी शालही याच कुळातली. गंमत म्हणजे जगात सगळ्यात प्रसिद्ध असलेली टॅपेस्ट्री, १०६६ सालच्या इंग्लंडवरच्या स्वारीची कथा सांगणारी फ्रान्समधली जवळजवळ सत्तर मीटर लांबीची बायोची पट्टी, मुळात टॅपेस्ट्री नाहीच. ते लिननच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने केलेलं भरतकाम आहे. आधी कापड झालं, मग त्यावर चित्र आलं. पैठणीत कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतात. मोर काढून घेतला तर तिथे भोक उरेल.

पदरातला एकच मोर जवळून पाहू. मानेचा निळा, बांगडीचा लाल, आतल्या पानाचा हिरवा आणि भोवतालची जर, अशा प्रत्येक रंगासाठी धागा गुंडाळलेली एक छोटी कांडी असते. तिला तिल्ली म्हणतात. नक्षीचा कागद ताण्याखाली, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांखाली ठेवलेला असतो, पण विणकर हिशेब करतो तो उभ्या धाग्यांचा. जरीची तिल्ली डावीकडून निघते आणि ठरलेले उभे धागे ओलांडून बांगडीच्या कडेला थांबते. तिथे लाल धागा तिची वाट पाहत असतो. दोघं एकमेकांत अडकतात, कडी पडते आणि दोघं आपापल्या घरी परततात. मग लाल आणि निळ्याची कडी, निळ्या आणि हिरव्याची कडी. पदराच्या रुंदीभर असे मोर असले तर एका आडव्या ओळीत कित्येक तिल्ल्या फिरवाव्या लागतात. सगळ्या फिरल्या की फणी एकदा ठोकायची. झाली एक ओळ. दाट नक्षीचा पदर दिवसाकाठी इंच-दीड इंच पुढे सरकतो. साध्या पदराच्या पैठणीलाही तीन आठवडे सहज जातात, आणि भरगच्च कामाच्या साडीला वर्षही लागू शकतं.

यातली कडी महत्त्वाची. दोन रंग जिथे सरळ उभ्या रेषेत भेटतात तिथे कडी घातली नाही, तर दोघांमध्ये चीर राहते. विणताना ती दिसत नाही. दोन-चार वेळा नेसून झालं, खांद्यावर पिन लागली, की ती उघडते. घाईत विणलेल्या पदरात हाच दोष सर्वांत जास्त सापडतो. तपासायची पद्धत सोपी आहे. पदर खिडकीसमोर धरा आणि नक्षीच्या उभ्या कडा बघा. प्रकाशाच्या बारीक उभ्या रेघा आरपार दिसल्या तर कड्या सुटलेल्या आहेत. एखादी रेघ चालवून घ्यावी, प्रत्येक मोराभोवती असतील तर ती साडी घेऊ नये.

काठ आणि अंग यांचा सांधाही असाच विणलेला असतो. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन्ही काठांचा एकेक आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक ओळीला एकमेकांत अडकतात. यालाच कडियाल म्हणतात. काठाला जर, अंगाला रेशीम. दोघांचा ताण सारखा पडला नाही तर काठाला चुण्या पडतात. साडी हातात धरून हे कळत नाही. ती जमिनीवर किंवा लांब टेबलावर दोन-अडीच मीटर सपाट पसरा, हाताने ओढू नका. काठ लाटेसारखा उठला तर इस्त्रीने तो कायमचा बसणार नाही.

जर आणि रेशीम एकत्र विणल्यामुळे आणखी एक गोष्ट होते, जी आम्हाला या वस्त्राचा सर्वांत मोठा गुण वाटते. पदरावरची जर उभ्या धाग्यांना पूर्ण झाकत नाही. खालचा रंग जरीतून किंचित डोकावतो. जांभळ्या ताण्यावरची जर गडद, तांबूस दिसते. पोपटी ताण्यावरची तीच जर थंड, हिरवट सोन्यासारखी. त्यामुळे दोन साड्यांच्या जरीची तुलना करताना आधी ताण्याचा रंग एक आहे का ते बघावं. नाहीतर चांगल्या जरीला नावं ठेवली जातात आणि हलकी जर मिरवून जाते.

पदरावर काय लिहिलेलं असतं

बायोच्या पट्टीवर राजे, जहाजं, लढाई आणि आकाशातला धूमकेतू क्रमाने येतात, वर लॅटिनमध्ये ओळी आहेत. पैठणी अशी एक सलग गोष्ट सांगत नाही. तिची नोंद आकृत्यांमधून आहे, आणि आकृत्या कुठल्या काळात कुठून आल्या हे माहीत असेल तर पदर बराच वाचता येतो.

दुकानात ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, तेवढं जुनं आहेच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. पण त्यात पैठणच्या नावावर आहेत ते मौल्यवान खडे. कापड लिहिलं आहे ते तगर, म्हणजे आजच्या तेरच्या नावावर. शहराचं वय साडीला चिकटवण्याची गरज नाही. संग्रहालयांत आज दिसणाऱ्या जुन्या पैठण्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आहेत, आणि त्या बोलतात तेवढं पुरेसं आहे.

त्या जुन्या साड्यांचं अंग अनेकदा सुती असायचं, रेशीम आणि जर काठ-पदराला. काठ अरुंद. पदरावर फुलं आणि वेली. आसावली, म्हणजे डौलदार वळणाची फुलवेल, ही पेशवाईतली आवडती नक्षी. थोरल्या माधवराव पेशव्यांनी आसावलीचे शेले रंग सांगून मागवल्याचे उल्लेख त्यांच्या पत्रांत सापडतात. लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. म्हणजे ऑर्डर देताना रंग नेमके सांगायची रीत अडीचशे वर्षं जुनी आहे. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्याचं हे मोठं गिऱ्हाईक संपलं. पैठण निजामाच्या मुलखात होतं, १९४८ पर्यंत. येवला नाशिक जिल्ह्यात, इंग्रजांच्या बाजूला. एकाच विणीची दोन गावं दोन राजवटींत वाढली. हुमापरिंदा या पक्ष्याच्या नक्षीचं तर नावच फारसी आहे.

अजिंठ्याचं कमळ हा आणखी एक धागा. पहिल्या क्रमांकाच्या लेणीतल्या पद्मपाणीच्या हातातलं कमळ बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पैठणीवर हे कमळ चौकोनी, पायऱ्या-पायऱ्यांच्या कडेचं होतं, कारण उभ्या-आडव्या धाग्यांच्या जाळीत गोलाई पायऱ्यांनीच साधावी लागते. या पायऱ्या हातविणीची खूण आहेत. बांगडी-मोराच्या बांगडीकडे भिंगातून पाहा, तिची कड जिन्यासारखी उतरत जाते. संगणकावर बेतलेल्या जॅकार्डच्या (मागावर बसवलेलं, नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र) नक्षीत गोलाई जास्त गुळगुळीत येते, आणि विक्रेते तेच ‘फिनिशिंग’ म्हणून दाखवतात.

मुनिया हा काठावरचा छोटा पोपट. पानाच्या हिरव्या रंगाचा, चोचीपाशी लाल ठिपका. नारळी आणि पंखा हे काठ नावाप्रमाणेच ओळखू येतात. बारव, पंजा, मुथडा या भौमितिक नक्ष्या आता कमी दिसतात. गिऱ्हाईक मोर मागतं म्हणून मोर विणला जातो. याचं वाईट वाटतं. विणकराकडे नमुने असतात, हात असतात, पण मागणी नसली की तो मागावर धोका पत्करत नाही. आसावली किंवा ‘आकृती’ नावाच्या जुन्या नक्षीचा पदर मागून बघा. किंमत मोरापेक्षा फार वेगळी पडत नाही, आणि ती नक्षी हातात जिवंत राहते.

रंगांच्या नावांतही असंच भांडार आहे. काळी चंद्रकळा म्हणजे काळं अंग आणि लाल काठ. राघू म्हणजे पोपटी, शिरोदक म्हणजे पांढरा, पोफळी म्हणजे पिवळा, कुसुंबी जांभळट लाल. दुकानात ‘पॅरट ग्रीन’ म्हणण्याऐवजी राघू म्हटलं की जुना विक्रेता थोडा सरसावून बसतो.

तीन प्रकार, एकच नाव

पहिला प्रकार आपला, हाताच्या तिल्ल्यांनी पदर विणलेला. एका मुनियाच्या काठाची, साधा पदर आणि अंगावर थोड्या बुट्ट्या असलेली साडी दहा-पंधरा हजारांच्या आसपास सुरू होते. पदर दाट झाला, काठ रुंद झाला, अंगभर बुट्टी आली की तीस-चाळीस हजार, आणि पुढे लाखावर.

दुसरा प्रकार ‘ब्रोकेड’. हातमागच, पण काठाची किंवा अंगाची नक्षी जॅकार्डच्या साहाय्याने उचललेली. ही फसवणूक नव्हे. माग हाताचा, रेशीम खरं, भरगच्चपणा जास्त. मात्र नक्षीच्या भागात मागे धागे तरंगतात किंवा कापलेले असतात, त्यामुळे काठ जाड होतो आणि अंगठी-जोडव्यात धागा अडकतो. ब्रोकेड घ्या, पण ब्रोकेड म्हणून घ्या. पदर तिल्लीचा आणि काठ जॅकार्डचा अशा मिश्र साड्याही असतात, म्हणून काठ आणि पदर दोन्ही उलटून बघायचे.

तिसरा प्रकार यंत्रमागाचा, ज्याला ‘सेमी’ म्हणतात. दोन ते पाच हजारांत मिळतो. रोजच्या समारंभाला, नाचाच्या कार्यक्रमाला, भेट द्यायला ठीक आहे. त्यात काही वाईट नाही, वाईट आहे ते त्याला हातमाग म्हणून विकणं. इथे साधा हिशेब करा. सहावारीला सुमारे अर्धा किलो रेशीम लागतं. नुसत्या त्या रेशमाचेच दोन-तीन हजार रुपये होतात. त्यावर जर, रंगणावळ आणि किमान तीन आठवड्यांची मजुरी. ‘शुद्ध रेशीम, हातमाग, चार हजार’ हे गणित कुठल्याही सेलमध्ये बसत नाही.

शिक्क्यांबद्दलही गैरसमज आहेत. सिल्क मार्कची खूण फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगते. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही ती मिळू शकते. कापड हातमागावरचं आहे हे सांगतो तो हँडलूम मार्क. आणि जरीबद्दल दोन्ही गप्प असतात. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे, पण एवढ्या शब्दावर समाधान मानू नका, समोरच्या साडीला ते लागू आहे का आणि पावतीवर लिहून देता का, हे विचारा. दुकानाच्या दर्शनी भागात माग चालू आहे, हा पुरावा धरू नये. कपाटातली साडी त्याच मागावरची असेल असं काही नाही.

दुकानात काय करायचं

दिवसा जा. पिवळ्या दिव्यात तांब्याची आणि चांदीची जर सारखीच दिसते. साडी पूर्ण उलगडून घ्या, संकोच करू नका.

पदर उलटा पाहणं आणि उजेडासमोर धरणं झालं. आता दोन शेजारचे मोर घ्या आणि त्यांच्या चोची, तुरे, पायाखालच्या ओळी ताडून पाहा. हाताच्या कामात एखाद्या ओळीचा फरक असतोच. सगळे तंतोतंत एक असतील तर ब्रोकेडची शंका घ्यावी. उलट एका मोराची मान दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब असेल, तर तो हाताचा जिवंतपणा नव्हे, मोजणी चुकलेली आहे. पूर्ण पदरात नक्षीची ओळ सरळ आडवी जाते का हे काठाशी पट्टी लावल्यासारखं पाहावं. तिरकी गेली असेल तर खांद्यावर पदर कितीही सारखा केला तरी वाकडाच पडतो.

रेशमासाठी काठाच्या कडेचा एक सुटा धागा मागा. जाळल्यावर केसांचा वास आला, राख चुरली गेली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ताण्याचा (उभा) आणि बाण्याचा (आडवा), दोन्ही धागे जाळायचे. ताणा रेशमी आणि बाणा भेसळीचा असा प्रकार नेहमीचा आहे, आणि एकच धागा जाळून दाखवणारे तो रेशमाचाच निवडतात.

जरीचे तीन वर्ग. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ही आज बहुधा खास सांगून करून घ्यावी लागते आणि किंमत एकदम वर जाते. टेस्टेड जर म्हणजे आत तांबं. तिसरी प्लास्टिकच्या पट्टीची, वजनाला हलकी आणि काळी न पडणारी. सुटा जरीचा धागा नखाने खरवडा. खाली पांढरं दिसलं तर चांदी, तांबूस दिसलं तर तांबं, आणि पट्टी रबरासारखी ताणली गेली तर प्लास्टिक. मोठी रक्कम असेल तर सराफाच्या एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) जर तपासून घेता येते. टेस्टेड जर वाईट नाही, या परीक्षणातली साडी तीच आहे. फक्त तिला चांदीची किंमत द्यायची नाही.

रंगासाठी पांढरा रुमाल किंचित ओला करून आतल्या टोकाला, जिथे निऱ्या खोचल्या जातात तिथे, दहा वेळा घासा. लाल, गर्द हिरवा आणि काळा हे रंग सर्वांत जास्त सुटतात. काळी चंद्रकळा घेताना ही चाचणी सोडू नये. काळा सुटला तर शेजारचा लाल काठ कायमचा मळतो.

शेवटी वजन. पदर एका हातावर आणि अंगाचा तेवढाच भाग दुसऱ्या हातावर घ्या. पदर जड असणारच, पण फार जड आणि अंग फार पातळ असेल तर ती साडी लवकर फाटते, आणि फाटते ती पदर संपून अंग सुरू होतं त्या रेषेवर. जरीचं ओझं तिथे एकदम रेशमावर येतं. किंमत कमी ठेवण्यासाठी अंगाचं रेशीम विरळ करणं ही अलीकडची वाईट खोड आहे. दुकानात ते ध्यानात येत नाही, पाचव्या-सहाव्या वेळी नेसताना येतं.

सांगून विणून घ्यायची असेल तर

लग्नाची साडी असेल तर हा मार्ग उत्तम, पण वेळ हातात ठेवून. एका ताण्यावर एकापेक्षा जास्त साड्या विणल्या जातात. त्यामुळे ‘मला अगदी हाच रंग’ म्हणणाऱ्याला नवा ताणा भरेपर्यंत थांबावं लागतं. मागावर चढलेला ताणा स्वीकारला आणि फक्त बाण्याचा रंग आपला निवडला तर साडी लवकर मिळते आणि धूपछाव येते. लाल ताणा आणि हिरवा बाणा घेतला तर घडी हलवली की रंग बदलतो. अनेक सुंदर पैठण्या अशा तडजोडीतूनच झालेल्या आहेत.

पावसाळ्यात काम मंदावतं. खड्डामाग जमिनीत असतो, ओल वर येते, रेशीम सैल पडतं, धागे एकमेकांना चिकटतात. जूनमध्ये ऑर्डर देऊन ऑगस्टची तारीख मागू नये. आगाऊ रक्कम देताना कागदावर हे लिहून घ्या: पदराची लांबी इंचांत, काठाची रुंदी, पदर तिल्लीचा की जॅकार्डचा, जर कुठली, ब्लाउजचं कापड धरून एकूण लांबी, आणि बुट्ट्या अंगभर की फक्त दर्शनी भागात. बुट्ट्यांचा वाद सर्वाधिक होतो. निऱ्यांच्या आत जाणारा भाग पुष्कळदा मोकळा सोडलेला असतो. तो मोकळा असणं चूक नाही, पैसे अंगभर बुट्टीचे घेतले तर चूक. पदर वीतभर झाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. त्या टप्प्याला सुधारणा शक्य असते. पुढे विणकर उसवत बसणार नाही, आणि त्याने बसावं अशी अपेक्षाही करू नये.

घरी आणल्यावर

घरी धुवायची नाही. पाण्याचा थेंबही रेशमावर डाग ठेवतो. तेलाचा डाग पडला तर लगेच टाल्कम पावडर टाकून ठेवा, चोळू नका, आणि ड्रायक्लीनला देताना डाग दाखवून द्या. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याआधी मारा आणि वाळू द्या. जरीवर थेट उडालं तर तिथेच जर काळी पडायला लागते. खांद्याची पिन नक्षीच्या मधोमध कधीच लावायची नाही. आतून कापडाची बारीक पट्टी ठेवून पिन अंगाच्या रेशमातून घ्यावी.

ठेवताना धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. रबर बँड नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. हँगरला टांगू नका, पदराच्या वजनाने अंग ताणलं जातं. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, म्हणजे जुनी मोड होती तिथून हलवून दुसरीकडे मोडा. पदराच्या घडीत सुती कापडाची गुंडाळी घातली तर मोड तीक्ष्ण होत नाही. जर सारखी एकाच रेषेवर मोडली की तार तुटते आणि आतला धागा उघडा पडतो. जुन्या पैठण्या कसरीपेक्षा घडीवर जास्त फाटलेल्या सापडतात.

घरात आजीची पैठणी असेल तर एक कळकळीची विनंती. ‘जुनी जर विकत घेतो’ म्हणत येणाऱ्याला ती देऊ नका. ती साडी तो जाळतो, उरते ती चांदी घेतो आणि तुम्हाला त्या चांदीचा थोडा भाग देतो. खऱ्या जरीच्या किती पैठण्या अशा गेल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्यांच्याबरोबर बारव आणि मुथड्याचे कितीतरी नमुने गेले. अंग जिरलं असेल तरी पदर बहुधा शाबूत असतो. जाणता रफूगार तो जुना पदर आणि काठ नव्या रेशमी अंगाला जोडून देतो, आणि साडी पुन्हा नेसता येते. ते जमण्यासारखं नसेल तर पदर पसरून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि विणकराला दाखवा. उभ्या धाग्यांची मोजणी करून तो नक्षी पुन्हा मागावर आणू शकतो. उशीचे अभ्रे करण्यासाठी मात्र कृपया कापू नका.

आमचं मत

पंधरा हजारांच्या आत असाल तर एका मुनियाचा काठ, छोटा पण पूर्ण कडीचा पदर, आणि अंगावर मोजक्या बुट्ट्या. मोठा मोर आणि विरळ अंग यांच्या मोहात पडू नका. तीस हजारांच्या पुढे जात असाल तर पैसे रुंद काठावर न घालता पदराच्या लांबीवर आणि नक्षीच्या दाटपणावर घाला. काठ निऱ्यांत जातो, पदर समोर राहतो. चांदीची जर फक्त तेव्हाच, जेव्हा साडी पुढच्या पिढीला द्यायची आहे आणि तपासणी करून घ्यायची तयारी आहे. ब्रोकेड ज्यांना भरगच्चपणा आवडतो त्यांच्यासाठी. सेमी घ्यायची तर किंमत सेमीची द्या आणि बिनधास्त नेसा.

उणं एकच वाटतं, आणि ते साडीचं नाही, विक्रीचं आहे. पेटीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, विणणाऱ्याचं कुठेच नसतं. बायोच्या पट्टीवर सुई चालवणाऱ्यांचीही नावं कुणाला माहीत नाहीत. पण त्या पट्टीची एक पूर्ण प्रत १८८६ साली इंग्लंडमधल्या लीक गावच्या बायकांनी भरली, ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्यावर त्या बायकांनी आपापल्या भागाखाली आपलं नाव भरून ठेवलं आहे. पैठणी घेताना विणकराचं नाव विचारा. घरातल्या ज्यांनी पदरावर काम केलं त्यांचीही नावं विचारा, कारण कांड्या भरणारी बहुधा घरातली बाई असते. गाव, वर्ष, नक्षीचं नाव, जरीचा प्रकार आणि ही नावं एका सुती पट्टीवर न पसरणाऱ्या शाईने लिहा आणि ती पट्टी साडीच्या घडीत ठेवा. कागद नको, तो पिवळा पडतो आणि त्याचा डाग रेशमाला लागतो.